वय ६४, वजन ९०, मुक्काम बीबी

शंभरामागे अकरा. अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करून घेतलेल्या ६५ वर्षांवरच्या दर शंभर जणांपैकी अकरा जण वर्ष पुरं व्हायच्या आत दगावले, असं २००५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नेमका आकडा ११.१ टक्के. पासष्टीच्या आतल्यांमध्ये तो ३.९ टक्के होता. पहिल्या महिन्यापुरतं पाहिलं तर ४.८ विरुद्ध १.७. अभ्यास लहानसहान नव्हता. 'मेडिकेअर' या सरकारी योजनेतले १६,१५५ रुग्ण त्यात होते, १९९७ ते २००२ या काळात ऑपरेशन झालेले. साठीनंतर या वाटेला जाऊ नका, असं सांगायला डॉक्टरांना एवढा आकडा पुरेसा होता.

बुलडाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या बीबीत हा अभ्यास कुणी वाचलेला नसणार. तरी घरातल्या म्हातारीच्या ऑपरेशनचा विषय निघाला, की तिथलं पहिलं वाक्य तेच असतं : आता या वयात काहून चिरफाड? म्हणजे २००५ साली अमेरिकेतले तज्ज्ञ आणि बीबीच्या ओट्यावरची माणसं एकाच मताची होती. त्यानंतरच्या वीस वर्षांत तज्ज्ञांचे आकडे बदलले. ते किती आणि का बदलले, आणि बीबीपर्यंत येताना त्यातलं काय टिकतं आणि काय गळतं, ते बघू.

आधी एक गैरसमज बाजूला करू. बेरिएट्रिक ऑपरेशन म्हणजे चरबी खरवडून काढणं नव्हे. चरबी शोषून काढतात ती लायपोसक्शन, तो दिसण्याचा मामला. इथे हात लावतात तो जठराला. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग कापून टाकतात, उरते ती केळ्याएवढी नळी. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे नेऊन जोडतात. दोन्हींत माणूस कमी खातो, पण गंमत तेवढ्यावर संपत नाही. भूक आणि साखर यांचा कारभार पाहणारी आतड्यातली संप्रेरकंही बदलतात, आणि कित्येक मधुमेही रुग्णांची साखर वजन फारसं उतरायच्या आधीच खाली येऊ लागते.

आता आकडे कसे उतरले ते. २००६ च्या फेब्रुवारीत मेडिकेअरने उलटाच निर्णय घेतला. ऑपरेशनचा खर्च पासष्टीपुढच्यांनाही द्यायचा, पण प्रमाणपत्र मिळालेल्या केंद्रांतच. त्यामागचं कारण २००५ च्या अभ्यासातच दडलेलं होतं. कमी ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनच्या हातून रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे दीडपट निघाली होती. म्हणजे रुग्णाच्या वयाइतकाच प्रश्न सर्जनच्या हाताच्या सवयीचाही होता. दरम्यान पोट उघडून करायचं ऑपरेशन मागे पडून दुर्बिणीचं आलं. २००५ ते २००७ मध्ये अमेरिकेतल्या निवडक केंद्रांत ४,७७६ रुग्णांवर नजर ठेवली गेली, तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू ०.३ टक्के भरले. हे सर्व वयांचे मिळून, सरासरी वय पंचेचाळिशीच्या आतलं. तरीही तीन-चार वर्षांत केवढी घसरण!

साठीपुढच्यांचा वेगळा हिशेब २०१५ साली फिनलंडच्या दोन सर्जननी मांडला. जगभरचे २६ अभ्यास एकत्र करून ८,१४९ रुग्णांची बेरीज त्यांनी केली. महिनाभरातले मृत्यू ०.०१ टक्के. गुंतागुंत १४.७ टक्के रुग्णांमध्ये. वर्षभरात जादा वजनापैकी ५३.७७ टक्के उतरलं. मधुमेह ५४.५ टक्के रुग्णांचा आटोक्यात येऊन औषधं सुटली, रक्तदाब ४२.५ टक्क्यांचा.

यातला पहिला आकडा मला पटत नाही. ८,१४९ चे ०.०१ टक्के म्हणजे ०.८ माणूस. आठ हजार म्हाताऱ्यांवर ऑपरेशनं झाली आणि पुरता एक माणूसही गेला नाही, यावर विश्वास ठेवायला जड जातं. अनेक लहान अभ्यासांत शून्य मृत्यू असतात, ते एकत्र केले की गणिती सरासरी अशी पातळ होते. शिवाय वाईट निकाल लागलेलं रुग्णालय आपला अभ्यास छापायला उत्साहानं पुढे येत नाही. आणि रुग्ण निवडलेले असतात : हृदय धड, फुप्फुस धड, घरी बघणारं माणूस आहे असे. म्हणून मी ०.०१ बाजूला ठेवतो आणि १४.७ लक्षात ठेवतो. सातातल्या एकाला काही ना काही त्रास. रक्तस्राव, टाके गळणं, जंतुसंसर्ग, पुन्हा दवाखान्यात भरती. ज्या घरातून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला तास-दोन तास लागतात, त्या घराने हाच आकडा पाहायचा.

बीबी सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. दुसरबीड मागे टाकलं की पुढे बीबी, मग सुलतानपूर. सोयाबीनचा, तुरीचा, कपाशीचा मुलूख. लठ्ठपणा हा शहरातल्या सोफ्यावरचा रोग, इथे त्याचं काय, असं वाटू शकतं. आकड्यांना विचारू गेलं तर ते आधी वयाशीच अडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के स्त्रिया आणि २४.७ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. पण हे १५ ते ४९ वयाचे. पन्नाशी ओलांडली की त्या तक्त्यात माणूस दिसतच नाही. साठीपुढच्यांसाठी मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेलं वेगळं सर्वेक्षण पाहावं लागतं. 'लासी' हे त्याचं नाव, पहिली फेरी २०१७-१८ ची. त्यात देशातले साठीपुढचे २७ टक्के लोक गरजेपेक्षा कमी वजनाचे आणि २२ टक्के जादा वजनाचे निघाले.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. चारातला एक म्हातारा खंगलेला आणि जवळपास तेवढाच एक फुगलेला. गावात सरकारी दवाखान्याला आणि अंगणवाडीला जी काळजी सवयीची आहे ती पहिल्याची. दुसऱ्याला आपण 'खात्यापित्या घरचा' म्हणतो आणि पुढे जातो.

त्यात आपल्या हाडापेराची एक खोड आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे, आतून एक दुप्पट चरबीचा. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. युरोपात तो २५ वर गेला की जादा वजन आणि ३० वर लठ्ठपणा मानतात. आपल्याकडे रेषा २३ आणि २५ वर ओढावी लागते, ती त्या फोटोतल्या फरकामुळे.

आता एक हिशेब मांडू. बाई कल्पनेतली, आकडे खरे. बीबीतल्या ६४ वर्षांच्या आजी, उंची पाच फुटाला थोडी कमी, १५० सेंटिमीटर. वजन ९० किलो. दीडचा वर्ग सव्वादोन. नव्वदला सव्वादोनने भागलं की बीएमआय बरोब्बर ४०. बारा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची गोळी, आणि दोन्ही गुडघे असे की शेतात जाणं सुटलं, आता मंदिराची पायरीही नको वाटते.

आजींचं 'जादा वजन' किती? अभ्यासांत ते बीएमआय २५ च्या वरचं धरतात. आजींसाठी २५ म्हणजे ५६ किलो. जादा भरलं ३४ किलो. त्यातलं ५३.७७ टक्के उतरलं तर १८ किलो. 'जादा वजनाच्या निम्म्याहून अधिक' हे जाहिरातीत फार मोठं दिसतं, म्हणून किलोत सांगितलेलं बरं. नव्वदच्या आजी वर्षाने ७२ वर येतील. बीएमआय ३२. म्हणजे आपल्या मापाने त्या अजून लठ्ठच. पूर्वीचं लुगडं ढिलं होईल, पण जाहिरातीतल्या 'नंतरच्या' फोटोतली बाई काही त्या होणार नाहीत.

मग १८ किलोंत मिळतं काय? सर्वांत आधी गुडघे. वयस्कर, वजनदार आणि संधिवात झालेल्या १४२ जणांच्या चालण्याची मापं घेऊन २००५ साली अमेरिकेत असं दिसलं, की अंगावरचा एक किलो उतरला की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. अठरा चोक बहात्तर. दर पावलाला ७२ किलो कमी. ऑस्ट्रेलियातला २०२२ चा एक प्रयोग आणखी पुढे गेला. गुडघाबदलाच्या रांगेतले लठ्ठ ८२ रुग्ण घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, प्रत्येकी ४१. एका गटाचं आधी वजनाचं ऑपरेशन केलं (जठराला पट्टा बांधण्याचं), मग गुडघ्याचं. दुसऱ्याचं थेट गुडघ्याचं. आधी वजन उतरवलेल्यांत मोठी गुंतागुंत १४.६ टक्के, थेट गेलेल्यांत ३६.६ टक्के. आणि मला सर्वांत आवडलेला आकडा असा : वजन उतरलेल्या ४१ पैकी १२ जणांनी गुडघा बदलायलाच नकार दिला. दुखणं इतकं कमी झालं होतं. माणसं थोडी, सरासरी वय ५८ च्या आसपास, हे खरं. पण साठीपुढे माणूस वजनाबद्दल डॉक्टरकडे जातो तो आरशामुळे क्वचित, गुडघ्यामुळे बहुधा. त्यामुळे हा प्रयोग लहान असूनही मोलाचा.

दुसरं, साखर. इथे वयाला जितका दोष देतात तितका त्याचा हात नाही. ऑपरेशननंतर मधुमेह माघार घेईल का, याचा अंदाज बांधायला अमेरिकेतल्या गायसिंगर संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली एक गुणतक्ता काढला, 'डायारेम' नावाचा. एकूण गुण २२, जितके कमी तितकं बरं. त्यात वयाला जास्तीत जास्त ३ गुण. साठी ओलांडली की तिन्ही पदरात. पण इन्सुलिन चालू असेल तर एकदम १० गुण. तीन महिन्यांची सरासरी साखर फार चढलेली असेल तर ६ पर्यंत. दोनपर्यंत गुण असलेल्यांत मधुमेह माघार घेण्याचं प्रमाण ८८ टक्क्यांच्या पुढे; १८ किंवा त्याहून जास्त गुण असलेल्यांत २ ते १६ टक्के. म्हणजे गोळ्यांवर असलेल्या ६४ च्या आजींना आशा आहे, आणि दहा वर्षं इन्सुलिन टोचणाऱ्या ४५ च्या त्यांच्या पुतण्याला फारशी नाही. वयाचे तीन गुण, इन्सुलिनचे दहा! स्वादुपिंडात जीव किती उरलाय हा खरा प्रश्न, जन्मसाल त्यात दुय्यम.

आणि तिसरं, आयुष्य. ऑपरेशनच्या जमाखर्चात खर्च पहिल्या दिवशी होतो आणि जमा उशिरा येते. अमेरिकी माजी सैनिकांचा २०१५ चा अभ्यास हे फार स्वच्छ दाखवतो. २,५०० जणांचं ऑपरेशन झालेलं, सरासरी वय ५२, चारातले तीन पुरुष. त्यांच्यासारखेच पण ऑपरेशन न झालेले ७,४६२ जण तुलनेला. वर्षाच्या शेवटी ऑपरेशनवाल्यांत २.४ टक्के मृत्यू, दुसऱ्यांत १.७. तोटा. पाच वर्षांनी ६.४ विरुद्ध १०.४. दहा वर्षांनी १३.८ विरुद्ध २३.९. शंभरामागे दहा माणसं वाचली, पण दहा वर्षं थांबल्यावर.

म्हणून म्हाताऱ्या माणसासाठी प्रश्न असा होतो, की पुढे वर्षं किती? साठी गाठलेल्या भारतीयाला सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षं मिळतात. चौसष्टाव्या वर्षी फायदा दिसायला पुरेसा अवकाश आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो जवळपास नाही, तिथे आयुष्याचं गणित मांडूच नये. दुखणं, श्वास, झोप एवढंच बघावं.

अमेरिकेतल्या यूटा राज्यातला २०१६ चा अभ्यास तर ओट्यावरच्या समजुतीला पार उलटा. बायपास झालेले ७,९२५ आणि तितकेच न झालेले, सरासरी सात वर्षं पाहिले. पस्तिशीच्या आतल्यांना आयुष्याचा काहीच फायदा दिसला नाही. ४५ ते ५४ वयात मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी, ५५ ते ७४ मध्ये ५० टक्क्यांनी. कारण शोधलं तर सोपं आहे. तरुण लठ्ठ माणूस लठ्ठपणाने लगेच मरत नसतो. म्हातारा मरत असतो. जिथे धोका मोठा तिथे तो निम्मा झाल्याचा लाभही मोठा.

४५ ते ५४ च्या गटातलं एक उदाहरण विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. नितीन गडकरी यांनी २०११ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. २०२२ च्या फेब्रुवारीत उज्जैनच्या व्यासपीठावरून त्यांनीच सांगितलं, आधी वजन १३५ किलो होतं, आता ९३. बेचाळीस किलो, आणि दहा वर्षांनंतरही टिकलेले. ऑपरेशननंतरच्या चालण्याबद्दल, प्राणायामाबद्दल ते भाषणांतून बोलत आले आहेत. गडकरींना आहारतज्ज्ञ, डॉक्टर, तपासण्या हाताशी होत्या, आजींना नाहीत, एवढा एक फरक लक्षात ठेवून उदाहरण घ्यावं.

स्वीडनचा जुना आणि नामांकित अभ्यासही जरा थंड पाणी ओततो. चार हजारांवर माणसं, १९८७ पासून पाठपुरावा. ऑपरेशन झालेले न झालेल्यांपेक्षा ३ वर्षं जास्त जगले, पण सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षं कमीच. आणि त्यात घेताना वय ३७ ते ६० असं बांधलेलं होतं. साठीनंतर ऑपरेशन झालेला एकही माणूस ज्या अभ्यासात नाही, त्याचा दाखला साठीपुढच्या रुग्णाला सर्रास दिला जातो. पुढच्या वेळी डॉक्टर 'तीन वर्षं जास्त' म्हणाले, तर कुणाची, एवढं विचारा.

आता खर्चाची बाजू, आणि इथेच माझा जीव अडकतो. पैसा नंतर, आधी हाडं. मेडिकेअरमधल्याच ४२,३४५ रुग्णांवरचा २०१९ चा अभ्यास सांगतो, की जठराला नुसता पट्टा बांधलेल्यांपेक्षा बायपास झालेल्यांत हाड मोडण्याचा धोका ७३ टक्क्यांनी जास्त. खुब्याचं हाड मोडण्याचा तर पावणेतीनपट. आपल्याकडे म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं, हे कुठल्याही गावात कुठल्याही घराला विचारा. मग मांस. वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी उतरत नाही, स्नायूही उतरतात. तिशीच्या माणसाकडे ते शिल्लक असतात, चौसष्टीच्या बाईकडे आधीच कमी. वजन ९० वरून ७२ झालं आणि खाटेवरून उठायला हात धरावा लागला, तर काट्याने जिंकून आजी हरल्या.

स्नायू राखायचे तर प्रथिनं हवीत, ऑपरेशननंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम. एका अंड्यात ६. म्हणजे दहा अंडी, आणि जठर उरलंय केळ्याएवढं. आजी माळकरी असतील तर अंडं बाद. लिटरभर दुधात ३२ ग्रॅम येतं, पण लिटरभर दूध त्या पोटात जायचं कधी? भाकरी आणि पातळ वरण एवढ्यावर हा आकडा गाठता येत नाही. विनोद असा, की बीबीच्या चारी बाजूंना उभं असतं ते सोयाबीन, शंभर ग्रॅमला ३६ ग्रॅमच्या वर प्रथिनं, कुठल्याही डाळीपेक्षा जास्त. ते सगळं बाजार समितीत जातं, तिथून तेलाच्या गिरणीत, आणि पेंड जाते कोंबड्यांना. दळणात दहा किलो गव्हाला किलोभर सोयाबीन घालायचा सल्ला गावोगाव दिला गेला, पाळला किती घरांनी ते आपण जाणतो.

बरोबर बी-१२, लोह, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व. महिनाभर नव्हे, जन्मभर. आधीच शाकाहारी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाचं बी-१२ ऑपरेशनच्या आधीपासून तळाला असू शकतं. ते अजून उतरलं की पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसराळूपणा येतो. घरचे म्हणतात, वय झालं. म्हणून तपासण्या लागतात : पहिल्या वर्षात चार-पाच वेळा, पुढे दरवर्षी. वर दिलेले सगळे गोड आकडे ज्या केंद्रांतून आले, तिथे या तपासण्या होत होत्या, आणि रुग्ण आला नाही तर त्याला फोन जात होता.

बीबीत ग्रामीण रुग्णालय आहे. ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण ३० खाटा. २०२४ च्या फेब्रुवारीत एकादशीला जवळच्या सोमठाण्यात सप्ताहातल्या फराळातून शेकडो भाविकांना विषबाधा झाली, तेव्हा त्यातली बरीच माणसं इथे आली. खाटा संपल्या, मग रुग्णालयाबाहेर उघड्यावर माणसं झोपवली, दोऱ्या बांधल्या आणि दोऱ्यांना सलाइनच्या बाटल्या लावल्या. ते फोटो देशभर गेले. त्या रात्री तिथल्या लोकांनी जे केलं ते थोरच. पण विषबाधा एका रात्रीची असते. जठर कापलेल्या आजींची बी-१२ ची पातळी वर्षानुवर्षं पाहत राहणं हे निराळं काम आहे, आणि ऑपरेशन करणारा सर्जन छत्रपती संभाजीनगरला, नागपूरला नाहीतर पुण्याला. 'समृद्धी' महामार्ग झाल्यापासून गाडी असलेल्याला ही शहरं जवळ आली. एसटीने जाणाऱ्याला ती होती तिथेच आहेत.

पैशाचं थोडक्यात. खासगीत खर्च काही लाखांत जातो. विमा असेल तर नियामकाचा २०१९ चा नियम असा, की बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह. वयाची वरची मर्यादा त्यात नाही. आपल्या आजी ९० किलोला बसतात, ८८ ला बीएमआय ३९.१ होतो आणि मग मधुमेहाचे कागद दाखवावे लागतात. उलट सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली आशियाई लोकांसाठी रेषा २७.५ वर आणली. आजींच्या उंचीला ते ६२ किलो होतं. बासष्ट किलोच्या, साठी उलटलेल्या बाईला जठर कापायला सुचवावं, हे मला काही केल्या पचत नाही. पण त्याच कागदात एक चांगलं वाक्यही आहे. वयाची वरची सीमा त्यांनी काढून टाकली, आणि गुंतागुंत वाढते ती वयापेक्षा जर्जरपणाने, असं स्पष्ट म्हटलं. सत्तरीचा टणक म्हातारा बासष्टीच्या खचलेल्यापेक्षा बरा.

ऑपरेशनविना काही होतं का? ६५ वर्षांवरच्या १०७ लठ्ठ माणसांचे अमेरिकेत चार गट करून वर्षभर पाहिले, २०११ चा अभ्यास. नुसत्या आहाराने वजन १० टक्के उतरलं, आहार अधिक व्यायामाने ९ टक्के. पण हालचालींची ताकद नुसत्या आहारवाल्यांत १२ टक्क्यांनी वाढली, दोन्ही केलेल्यांत २१ टक्क्यांनी, आणि स्नायूही कमी गेले. आजींच्या बाबतीत नऊ टक्के म्हणजे आठ किलो, पावलागणिक ३२ किलो कमी. शिवाय २०२५ पासून वजनाची नवी इंजेक्शनं भारतात मिळू लागली आहेत. त्यांचा महिन्याचा खर्च आणि सोडल्यावर वजन परत येणं, दोन्ही म्हाताऱ्या खिशाला जड.

तर माझं मत असं. पोट सुटलंय म्हणून साठीनंतर ऑपरेशन करू नये. बीएमआय ४० च्या घरात, मधुमेह गोळ्यांवर, गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकतोय, पण अंगात जोर आहे आणि घरात गोळ्यांचा डबा रोज भरणारं माणूस आहे, अशा साठी ते सत्तरीच्या रुग्णाला केवळ वयाकडे बोट दाखवून परत पाठवणंही चूक. शंभरामागे अकरा हा आकडा मागे पडला. सर्जनला तीन गोष्टी विचारा : साठीपुढच्या किती जणांवर तुम्ही हे केलं, त्यातले किती दोन वर्षांनंतरही तपासणीला येतात, आणि माझ्या गावाजवळ रक्त कुठे तपासायचं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या.

आणि तारीख ठरवायच्या आधी घरी एक करून बघा. बिनहाताच्या खुर्चीवर आजींना बसवा, हाताची घडी छातीवर, शेजारी धरायला एक माणूस उभा. न टेकता पाच वेळा उठायचं आणि बसायचं. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेली मर्यादा १२ सेकंदांची आहे. त्याहून जास्त वेळ लागला तर आधी तीन महिने चालणं, उठबस आणि प्रथिनं. ऑपरेशनचं नंतर बघू.